रिकाम्या शाळेचे पाढे

मास्तर, काल संध्याकाळी युनियनच्या अंगणात तुमची शोकसभा झाली, आणि तिथं तुमच्याबद्दल जे जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खोटं होतं. एक जण म्हणाला, तुम्ही फार शांत होतात. दुसरा म्हणाला, तुम्ही कधी कुणाला उलटून बोलला नाहीत. तिसऱ्यानं तर कमाल केली, तुमचा आवाज म्हणे मऊ होता. मऊ! गिरणीच्या भोंग्याला मागं सारणारा तो आवाज! मी सभेचा अध्यक्ष म्हणून खुर्चीत अडकलो होतो, नाहीतर तिथंच उठून विचारलं असतं, की बाबांनो, तुम्ही परवा नक्की कोणाला पुरून आलात? मग चार शब्द बोला म्हणून मलाही उभं केलं. उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना, तसाच खाली बसलो. ज्या सेक्रेटरीला तुम्ही 'चालती-बोलती गिरणी' म्हणायचात त्याची ही गत. म्हणून हे लिहायला बसलोय. मला तुमच्याशी बोलायची सवय आहे, तुमच्याबद्दल बोलायची नाही.

तुम्ही चोपड्याकडचे, मी सावद्याकडचा. मी केळीच्या बागेला पाणी धरायचं सोडून धुळ्याच्या या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलो, आणि तुम्हाला मिशननं आमच्या चाळीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत शाळा चालवायला पाठवलं. आठवडाभर शाळा, रविवारी त्याच खोलीत उपासना. फळ्याच्या पाठीवर तुम्ही पांढऱ्या रंगानं क्रूस काढलेला. सोमवारी गणितं, रविवारी फळा उलटा केला की झालं देऊळ. मी पहिल्यांदा ते बघितलं आणि हसलो. म्हटलं, "मास्तर, बरं आहे तुमचं, एका फळीत दोन धंदे." तुम्ही लगेच म्हणालात, "तुमचं तर त्याहून बरं. एका तोंडात सतरा." तिथून आपलं सुरू झालं ते परवापर्यंत.

दर रविवारी तुमची उपासना आटोपली की शाळेच्या ओट्यावर आपली बैठक. तुमच्या मार्थाबाई आतून चहा पाठवायच्या आणि वर बजावायच्या, की भांडायचं ते भांडा, पण कपबशा फोडू नका. मी म्हणायचो, तुमचा देव गरिबाला मेल्यावर भाकरी देतो, आम्ही जिवंतपणी मागतो. तुम्ही म्हणायचात, मागा की, मी कुठं आडवा येतो, पण भाकरी मिळाल्यावर ती कोणाच्या ताटात वाढायची नाही हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलंय, त्याचं मला भय वाटतं. तेव्हा मला हे नुसतं बोलणं वाटलं होतं. तुम्ही मात्र ते पुढं शब्दाला शब्द खरं करून दाखवलंत.

तो मोठा संप झाला तेव्हाची गोष्ट. मी आजही छाती काढून सांगतो, तसा संप या गावानं पुन्हा बघितला नाही. मालकानं पगार कापला, आम्ही साचे थांबवले. त्या हंगामात चाळीवर ना सरकारचं राज्य होतं ना मालकाचं. आमचं होतं, लाल बावट्याचं. धान्य कोणाला किती, गिरणीच्या फाटकावर पहारा कोणाचा, दारूचा गुत्ता उघडा की बंद, सगळं कमिटी ठरवायची आणि कमिटीचा सेक्रेटरी मी. बायकांची भांडणंसुद्धा माझ्याकडे यायची. तुम्ही ओट्यावरून विचारायचात, "काय सरकार, आज कोणाला फाशी?" मी हसायचो. तुम्ही संपाच्या बाजूचे होतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मिशनचे साहेब मोटारीतून आले आणि म्हणाले, रविवारी लोकांना मालकाची आज्ञा पाळायचा उपदेश करा, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि रविवारी बायबलातला नेमका उलटा भाग वाचलात, मजुरांची मजुरी अडवणाऱ्या श्रीमंतांवरचा. साहेब पहिल्याच बाकावर. चाळ खिडक्यांना लटकून ऐकत होती. मी तर पोरांसारखी शिट्टी वाजवली होती, आणि तुम्ही वाचता वाचता माझ्याकडे असे डोळे वटारलेत की काय सांगू!

आणि मग दगडू फुटला.

दगडू आमच्याच चाळीतला, शिरपूरकडचा. वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून फाटकाशी उभा राहिलेला. कोणी आजारी पडलं तर त्याला काम, नाहीतर परत घरी. संपाच्या तोंडावरच बिचारा कायम झाला होता. हो, बिचारा म्हणतो, तेवढं म्हणायला मी तयार आहे. संप लांबला, पोटं आत गेली, आणि एका सकाळी दगडू पोलिसांच्या आडून फाटकातून आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून आणखी काही जण गेले. मी त्याला गाठून विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी आते आते कायम व्हयनू, भाऊ. परत बदलीमा कोन उभा ऱ्हाई?"

कमिटीनं बहिष्कार घातला. दगडूच्या घरी कोणी जायचं नाही, त्याला नळावर पाणी भरू द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याच्याशी शब्द बोलायचा नाही. बाकीचे फुटीर घाबरून परत आले, दगडू आला नाही. नवा साचा सोडायला तो तयार नव्हता आणि मी ठराव सोडायला.

त्याच्या बायकोनं पाणी भरलं ते तुमच्या अंगणातल्या विहिरीवर. मी धावत आलो. तुम्ही रहाटाचा दोर तिच्या हातातून घेऊन स्वतः ओढत होतात. म्हटलं, मास्तर, हे काय मांडलंय? तर म्हणालात, "विहीर मिशनची आहे, चाळीची नाही. तुमच्या ठरावात विहीर कुठं आहे दाखवा." माझ्या ठरावात खरंच नव्हती.

पण खरी ठिणगी पडली ती तुमच्या हंगामाच्या सणाला. पिकं घरी आली की तुमची मंडळी आपापलं काहीबाही शाळेत आणून मांडायची. ज्वारीची कणसं, भरताची वांगी, केळीचा घड, पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना झाली की अंगणात लिलाव. चाळीतली सगळी हिंदू, मुसलमान पोरंठोरं तो तमाशा बघायला यायची, कारण लिलाव तुम्ही पुकारायचात आणि तुमच्यासारखा पुकारणारा अख्ख्या खान्देशात नव्हता. घेणारा पैसे देऊन वस्तू पुन्हा देवाला देऊन टाकायचा, की तीच परत लिलावात. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जायचा. संपाच्या वर्षी पैसा कुठला, तरी लोक हौसेनं पै-पैशाची बोली करत होते. मीही एक वांगं घेतलं होतं.

आणि दगडू आला. तुमच्या मंडळीतला नव्हता, पण कोणाचाच नव्हता म्हणून आला असेल. बायकोनं दारात लावलेल्या वेलाचा एक दुधी भोपळा त्यानं तुमच्या पायाशी ठेवला. तुम्ही तो उचललात आणि पुकारलंत, "बोला, एक पैसा!"

कोणी बोलेना. बहिष्कार होता ना. मी दाराशी हाताची घडी घालून उभा, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही परत पुकारलंत. कोंबडीसुद्धा गप्प झाली. मग तुम्ही खिशात हात घातलात आणि स्वतःच म्हणालात, "एक पैसा माझा." पैसा ताटात टाकलात, भोपळा परत मांडलात, "देवाला दिला, पुन्हा बोला!" परत कोणी नाही. "दोन पैसे माझे." लोक हसायला लागले. तुम्ही स्वतःवरच बोली चढवत होतात, घामाघूम होऊन, आणि प्रत्येक वेळी आधी सगळ्यांकडे बघत होतात. हळूहळू हसू थांबलं. शेवटी खिसा उलटा करून तुम्ही मार्थाबाईंकडे बघितलंत, आणि त्यांनी कनवटीचा एक आणा काढून दिला. भोपळा त्यांच्या पदरात टाकून तुम्ही मला ऐकू जाईल असं म्हणालात, "आज याची भाजी. सेक्रेटरी, जेवायला या." दगडू टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभा होता.

मी जेवायला आलो नाही. त्याच रात्री कमिटी बसली. संप मोडणाऱ्याशी व्यवहार करणारा तोही बहिष्कृत, हा नियम सगळ्यांना एकच. एकदा मास्तरला सूट दिली की उद्या सावकाराला द्या, परवा मुकादमाला. ठराव मी स्वतः मांडला: चाळीतल्या एकाही पोरानं मास्तरच्या शाळेत पाय ठेवायचा नाही. हे मी बरोबरच केलं होतं मास्तर, आणि तुम्ही समोर असतात तरी हेच म्हटलं असतं. दगडूला वेशीवर उभा केला म्हणून पुढच्या दोन्ही संपांत आमच्या चाळीतला एक माणूस फुटला नाही. याचं उत्तर तुम्ही मला कधीच दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळा उघडलीत. घंटा वाजवलीत. बाकं रिकामी. आम्ही कमिटीचे लोक समोर माझ्या पडवीत बसलो होतो, बघत होतो की मास्तर आता काय करतो. तुम्ही ओट्यावर आलात, धोतराचा सोगा खोचलात, आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून त्या तुमच्या 'मऊ' आवाजात औटकीची, साडेतीनाच्या पाढ्याची, गर्जना केलीत, "चार औटे?"

चाळ चिडीचूप.

"चार औटे?"

कुठल्या तरी खोलीतून, दाराआडून, बारीक आवाज आला, "चौदा!"

"पाच औटे?"

"साडेसतरा!" आता चार-पाच आवाज.

अहो, मग काय! तुम्ही ओट्यावरून विचारताय आणि पोरं घराघरातून ओरडताहेत. कोणी चुलीपाशी बसून, कोणी माळ्यावरून, कोणी धाकट्या भावाला मांडीवर झोपवता झोपवता. औटकी झाली, दिडकी झाली, पावकी-निमकी झाली. पाढे म्हणायला शाळेत पाय ठेवावा लागत नाही, ही अक्कल तुम्हाला रात्रभरात सुचली होती. कमिटीतला एक जण लाल होऊन म्हणाला, "सेक्रेटरी, हा मास्तर आपल्याला खेळवतोय, ओटा बंद करा त्याचा." मी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "सात औटे?" आणि चाळ अडली. सात औट्याला सगळीच अडतात. आणि माझ्या पाठीमागून, माझ्याच घरातून, माझी मंजुळा खणखणीत ओरडली, "साडेचोवीस!"

मी उठून आत गेलो. पोरगी कणकेच्या हातांनी उभी. मी हात उगारला तर तिची आई मध्ये आली, "पोरगी पाढा म्हनी ऱ्हायनी, चोरी नही करी ऱ्हायनी!" मी हात खाली घेतला. बाहेर येऊन कमिटीला सांगितलं, ठरावात लिहिलंय शाळेत पाय ठेवायचा नाही, आणि कोणी ठेवलेला नाही, तेव्हा ठराव मोडलेला नाही. मी सगळ्यांदेखत ठरावाचा शब्द पाळला, बाकी मला काही ठाऊक नाही.

नंतर तुम्हाला म्हटलं, "पळवाट काढलीत." तुम्ही म्हणालात, "पळवाट नव्हे हो. तुमच्यासारखा सेक्रेटरी असल्यावर ठराव नीट वाचावाच लागतो." संप मिटेपर्यंत रोज सकाळी ते चाललं. गिरणी बंद होती म्हणून आवाज लांबपर्यंत जायचा. बाजारात जाणारे लोक थांबून ऐकायचे. कोणी नवा माणूस विचारायचा, शाळा कुठं आहे? तर लोक म्हणायचे, ही काय, सगळीकडे.

संप मिटला, थोडा आमच्यासारखा, बराचसा मालकासारखा. पोरं शाळेत परत आली. पण इकडे मिशननं तुमचा पगार तोडला, कारण तुम्ही मालकाविरुद्ध उपदेश केला होता. आमच्याकडून बहिष्कार, त्यांच्याकडून पगारबंदी. दोन्हीकडून मार खाणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितला. तुम्ही काय केलंत? काही नाही. मंडळीतल्या बायका चुलीवर धान्य ठेवताना एक मूठ बाजूला काढायच्या, त्यावर तुमचं घर चाललं. पुढं पुढं आमच्या बायकाही मूठ काढायला लागल्या. हे मला ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं.

संप संपला, दगडूवरचा बहिष्कार मात्र राहिला. तो उठवायचा तर ठराव हवा आणि ठराव सेक्रेटरीनं मांडायचा. दगडू साच्यावर माझ्यापासून दोन हातांवर उभा असायचा आणि आम्ही बोलत नव्हतो. त्याच्या पोरीचं लग्न चाळीत न होता गावाकडं झालं. त्याचा बाप गेला तेव्हा तुम्ही आणि तुमच्या मंडळीतले तिघं खांदा द्यायला गेलात. आणि दर रविवारी ओट्यावर तुमचं एकच टुमणं, "दगडूचं काय?" मी म्हणायचो, तो एक धडा आहे, लोकांनी बघावा. तुम्ही म्हणालात, "सेक्रेटरी, मी मास्तर आहे. पोरांना उदाहरण कळलं की फळा पुसतात. तुमच्या चाळीला कळलंय. आता पुसा." मी म्हटलं, विचार करतो. तुम्ही म्हणालात, "सुंभ जळाला तरी पीळ जाईना." आणि दोघं हसलो. बघा, हसलो आपण.

चाळीत एक कुजबुज होती, तीही मी तुम्हाला तोंडावर विचारली होती: "मास्तर, हे दगडूला बाटवायचं तर नाही ना?" तुम्ही एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. म्हणालात, "तो मागतोय. मी देत नाहीये." दगडू तुमच्याकडे बाप्तिस्मा मागत होता, आणि तुम्ही त्याला सांगितलं होतं, की ज्या दिवशी चाळ तुला पाणी देईल त्या दिवशी ये. आज तू तहानेनं आलायस, आणि तहानेल्याला पाण्यात उतरवणं म्हणजे बुडवणं. जाता येईल अशी दुसरी वाट असू दे, मग माझ्याकडे ये. मिशनच्या साहेबांनी तुम्हाला मूर्खात काढलं, घरी चालत आलेला माणूस दारात उभा ठेवता म्हणून. मला मात्र काय आनंद झाला! मी टाळी वाजवून म्हटलं, "म्हणजे तुमच्या देवळाची किल्ली माझ्या खिशात!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "हो. काय करणार? आहे खरी."

त्या किल्लीचा मला कितीतरी दिवस माज होता.

पण हेही सांगतो. मी चुकलो असेन तर तुम्हीही चुकलात, मास्तर. तुम्ही तुमच्या तत्त्वापायी, मी माझ्या. दगडूला आपण दोघांनी मिळून बाहेर ठेवला, मी चाळीच्या आणि तुम्ही देवळाच्या. यावर आपलं भांडण व्हायचं राहिलं. मी ते मनात तयार करून ठेवलं होतं, एखाद्या रविवारी काढू म्हणून. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? चिडला असतात का? मला वाटतं, खरं आहे म्हणाला असतात, आणि मग मी चिडलो असतो.

या थंडीत दमा वाढला, तुम्ही खाटेला खिळलात. मी रोज यायचो. खोलीत खोकल्याशिवाय आवाज नाही, आणि मला ते सहन होत नव्हतं म्हणून मी बडबडत राहायचो. स्वराज्य दाराशी आलंय, इंग्रज आता चालला, मग आपलं राज्य येईल, कामगारांचं. तुम्ही उशीवरून म्हणालात, "आलं तर मला जागा असेल का हो त्यात?" मी म्हटलं, "असेल की! ओटा आहे ना तुमचा." तुम्ही म्हणालात, "मी ओट्याचं नाही विचारलं." मग खोकला आला. मार्थाबाईंनी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तुम्ही परत दगडूवर आलात. "आता मी दमलो. त्याचं तेवढं बघा." मी म्हटलं, "बरे व्हा आधी, मग भांडू."

बरे व्हा आधी, मग भांडू! मरणाऱ्या माणसाला हे म्हणून आलो मी. एक "बरं, बघतो" माझ्या तोंडून निघालं नाही. अजून खूप रविवार आहेत असं मला वाटत होतं. आता रविवार येईल तेव्हा मी कुठं जाऊन बसू, सांगा.

परवा तुम्हाला नेलं. भुसावळहून मिशनचे पाळक आले होते. तुमची मंडळी टाळ-मृदंगावर गात होती, आमच्या पोरांना ती गाणी पाठ, तीही गात होती. चाळ सगळी रिकामी झाली होती. गिरणीतले लोक पाळी सोडून आले, पगार कापला गेला तरी. कबर दगडूनं खणली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पहाटेच जाऊन त्यानं खणून ठेवली. पेटी खाली सोडायला दोर लावले, एका टोकाला तो उभा राहिला, आणि समोरच्या टोकाला कोणीतरी हवं म्हणून पाळकांनी माझ्या हातात दोर दिला. आम्ही दोघांनी तुम्हाला खाली उतरवलं. दोर दोघांनी एकाच गतीनं सोडला. साच्यावर इतकी वर्षं शेजारी उभं राहिलं की हात एकमेकांना ओळखतात.

माती झाली. लोक पांगले. दगडू फावडं धूत होता. मी जवळ गेलो. ठराव नाही, कमिटी नाही, मी एकटाच. म्हटलं, "दगडू, चल. चहा घेऊ."

इतक्या वर्षांतला माझा पहिला शब्द त्याला. त्यानं फावडं खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही हो. राग असता तर बरं झालं असतं.

"मास्तर जित्ता व्हतात तवय बोलनं व्हतं, सेक्रेटरी," तो म्हणाला. "आते कसाले? तुम्ही दोन्हीसनी माले दारमाच उभं ठेवं. आते माले सवय व्हई गई शे."

आणि फावडं खांद्यावर टाकून गेला. पाळकांनी त्याला कबरस्तानाच्या फाटकाशी थांबवलं, काहीतरी विचारलं. बहुतेक तेच, येतोस का आत म्हणून. त्यानं मान हलवली, नाही. ना त्यांच्याकडे, ना आमच्याकडे. शोकसभेलाही तो आला नाही. मी आज सकाळी त्याच्या दारावर गेलो. बायकोनं दार उघडलं, मला बघून पदर सावरला, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. तो आत होता. मला त्याची सावली दिसली. बाहेर आला नाही.

मी काय करू, मास्तर? ठराव मांडीन, उद्याच मांडीन, सगळे हात वर होतील, बहिष्कार उठेल. पण तो चाळीनं घातलेला बहिष्कार. दगडूनं माझ्यावर घातलेला कोण उठवणार? त्याला कमिटी नाही, सेक्रेटरी नाही, ठराव नाही. या गावात एकच माणूस होता जो रविवारमागून रविवार, लोकांचं हसू झेलत, एका माणसाच्या वतीनं दुसऱ्याकडे रदबदली करायचा. तुम्ही असतात तर आज संध्याकाळी दगडूच्या घरी गेला असतात, खोकत खोकत, आणि म्हणाला असतात, "सेक्रेटरीचं काय? त्याचं तेवढं बघ."

माझ्यासाठी आता कोण जाईल?